एस्पोझितो: हे आडनाव कुठून आलं?

प्रश्न: मार्गेरिता पिझ्झाची १८८९ सालची गोष्ट सांगताना नेपल्सच्या राफाएले एस्पोझितोचं नाव घेतात. हे आडनाव गावावरून आलं की धंद्यावरून?

प्रतिसाद: दोन्ही नाही. लॅटिनमध्ये 'एक्सपोझितुस' म्हणजे बाहेर ठेवलेला. आईबापांनी सोडून दिलेल्या तान्ह्या मुलांना हे आडनाव लावत. नेपल्सच्या अनुन्झियाता चर्चच्या भिंतीत एक फिरता लाकडी पिंप होता, त्याला 'रुओता', म्हणजे चाक, म्हणत. रस्त्यावरून त्यात बाळ ठेवायचं आणि पिंप फिरवायचा. बाळ आत जायचं आणि ठेवणाऱ्याचा चेहरा कुणाला दिसायचा नाही. १८७५मध्ये हे चाक बंद झालं. भिंतीतली जागा मात्र अजून पाहायला मिळते.

मूल वाचलं, पण त्याची जन्मकथा आडनावातच गोंदली गेली, आणि ती नातवंडा-पतवंडांनाही चिकटली. मला हे फार लागतं. नेपल्सचा राजा झोआकिम म्युरा याने एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला, चाक बंद व्हायच्या बरंच आधी, हे आडनाव द्यायला बंदी केली, पण तोवर घराणी उभी राहिली होती. आज नेपल्समध्ये सगळ्यात जास्त आढळणारं आडनाव हेच.

उच्चाराचं एक: 'एस्पोसिटो' नको. इटालियनमध्ये आपला 'ट' नाही, आणि जोर 'पो'वर येतो.

प्रश्न: रोमकडचं 'प्रोयेत्ती' यातलंच का?

प्रतिसाद: हो, आणि ते जास्त कठोर आहे: मूळ अर्थ 'फेकलेला'. आपल्या धर्मशास्त्रात बारा प्रकारच्या पुत्रांत 'अपविद्ध' येतो, म्हणजे आईबापांनी टाकलेला आणि दुसऱ्याने स्वीकारलेला. शब्दाची घडण अगदी तीच, पण आपल्याकडे त्याचं आडनाव झालं नाही.

मिलानच्या मोठ्या इस्पितळाच्या चिन्हात कबूतर होतं, म्हणून तिथली मुलं 'कोलोम्बो'. मात्र दिसला कोलोम्बो की तो अनाथ, असं धरू नका. जेनोव्याच्या क्रिस्तोफोरो कोलोम्बोचा, म्हणजे आपल्या कोलंबसाचा, या इस्पितळाशी संबंध नाही.

फ्लोरेन्सचं 'इन्नोचेन्ती', म्हणजे निष्पाप, मला यात सर्वांत मायेचं वाटतं. ब्रुनेलेस्कीने आराखडा केलेलं तिथलं बालगृह १४४५मध्ये सुरू झालं. पुढच्या काळात काही आया बाळाबरोबर अर्धं तोडलेलं नाणं किंवा पदक ठेवत आणि उरलेला अर्धा तुकडा स्वतःजवळ जपत, कधीतरी परत येऊन ओळख पटवता यावी म्हणून. बाळांबरोबर आलेले ते अर्धे तुकडे तिथल्या संग्रहालयात आजही आहेत.