निमॉनिकला मराठीत काय म्हणावं: खूणगाठ, आद्याक्षरी की सूत्र?

प्रश्न: नेटवर्किंग आणि माहिती-सुरक्षेच्या मराठी टिपणांत ‘निमॉनिक’साठी, म्हणजे काही लक्षात ठेवायला केलेल्या शब्दासाठी किंवा वाक्यासाठी, कोणता शब्द घ्यावा? ‘स्मृतिसहायक’ अचूक आहे, पण जड. बोलताना ‘युक्ती’ म्हणतो, तीही कशालाही म्हणतो. ‘खूणगाठ’ चालेल का?

— शब्द गोड आहे, पण अर्थ हुकतो. पदराला मारलेली गाठ काहीतरी आठवायचंय एवढंच सांगते. काय आठवायचंय ते गाठीत नसतं. शिवाय ‘मनाशी खूणगाठ बांधणे’ म्हणजे आज पक्कं ठरवणं. निमॉनिकच्या पोटात मजकूर असावा लागतो. ‘तानापिहिनिपाजा’त तो आहे, पण फक्त पहिली अक्षरं आणि क्रम. तिला ‘आद्याक्षरी’ म्हणा. वृत्तांचे गण आठवायचं ‘यमाताराजभानसलगं’ मात्र वेगळ्या जातीचं आहे. गणाच्या अक्षरापासून तीन अक्षरं उचला, त्या गणाचे लघु-गुरू तिथेच ऐकू येतात: यमाता, म्हणजे लघु-गुरू-गुरू, तोच य गण. इथे रचनाच शब्दात उतरली आहे. ‘सूत्र’ हा शब्द अशांसाठी राखून ठेवावा.

— हा भेद नेटवर्किंगमध्ये फार उपयोगी पडतो. ओएसआय हा नेटवर्कवरचा संवाद थरांत मांडणारा आराखडा. त्याचे सात थर बहुतेक जण आद्याक्षरीने पाठ करतात: फि-डे-ने-ट्रा-से-प्रे-ॲ. फिजिकल, डेटा लिंक, नेटवर्क, ट्रान्सपोर्ट, सेशन, प्रेझेंटेशन, ॲप्लिकेशन. पण पाचवा थर कोणता, असं विचारलं की पहिल्यापासून मोजत यावं लागतं. त्यातच काही इंग्रजी वाक्यं खालून वर जातात, काही वरून खाली. दोन्ही पाठ असली की सेशन पाचवा की तिसरा, असा घोळ होतो. म्हणून एकच दिशा धरा, खालून वर, आणि ३-१-३ अशी फोड करून म्हणा: फिडेने, ट्रा, सेप्रेॲ. मधला ट्रा नेहमी चौथा. त्याच्या खालचे तीन माहिती टप्प्याटप्प्याने पुढे नेतात, वरचे तीन ॲप्लिकेशनच्या बाजूचे. आता आद्याक्षरी सूत्राकडे सरकली.

— यंत्राला नेटवर्कवरचा पत्ता आपोआप मिळवून देणाऱ्या डीएचसीपीचं ‘डोरा’ मुळातच सूत्र म्हणण्याच्या लायकीचं आहे. डिस्कव्हर, ऑफर, रिक्वेस्ट, ॲकनॉलेज. क्लायंट, सर्व्हर, क्लायंट, सर्व्हर अशी आळीपाळी त्यात आहे, आणि बिघाडही त्यातूनच शोधता येतो. पॅकेट कॅप्चरमध्ये, म्हणजे नेटवर्कवरच्या संदेशांच्या नोंदीत, नुसते डिस्कव्हर दिसत राहिले आणि ऑफर आलीच नाही, तर मागणी सर्व्हरपर्यंत पोचत नाहीये किंवा तिथून उत्तर येत नाहीये. सर्व्हर दुसऱ्या सबनेटमध्ये (नेटवर्कच्या वेगळ्या भागात) असेल तर आधी मागणी तिकडे पोचवणारा रिले तपासा, कारण ब्रॉडकास्ट, म्हणजे सगळ्यांना उद्देशून पाठवलेला संदेश, राउटर पुढे जाऊ देत नाही. अशा वेळी बरीच यंत्रं १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता स्वतःच घेतात.

— पोर्ट क्रमांकांचं, म्हणजे यंत्रावरच्या प्रत्येक सेवेला दिलेल्या आकड्यांचं काय? तिथे अक्षरंच नाहीत, मग आद्याक्षरी कशाची करणार?

— त्यासाठी कटपयादी, म्हणजे अक्षरांना अंक देण्याची जुनी रीत. इथे लागतील तेवढेच अंक सांगतो. क, ट, प, य हे १. ख, ठ, फ, र हे २. ग, ड, ब, ल हे ३. घ, ढ, भ, व हे ४. ङ, ण, म, श हे ५. ज, द, ह हे ८. ञ, न हे ०. काना-मात्रा मोजायची नाही. जोडाक्षरात शेवटचं व्यंजन धरायचं. मग वेबपानं आणणाऱ्या एचटीटीपीचा ८० होतो ‘जन’, सर्वांना उघडा. दूरच्या यंत्रात शिरायच्या टेलनेटचा २३ म्हणजे ‘रोग’, कारण पासवर्ड उघडाच जातो. त्याच कामाच्या, पण सुरक्षित एसएसएचचा २२ ‘खरा’. डीएनएसचा ५३ ‘माग’, नावावरून पत्त्याचा माग. ४४३चा ‘विभाग’ होतो, पण तो पोर्ट ज्याचा, त्या एचटीटीपीएसशी (सुरक्षित एचटीटीपीशी) त्याचा काही संबंध लागत नाही. असे शब्द टिकत नाहीत, ते सोडून द्यावेत.

— एक दुरुस्ती: परंपरेत कटपयादी उजवीकडून डावीकडे वाचतात, त्या रीतीने ‘माग’ ३५ होईल. टिपणाच्या डोक्यावरच ‘डावीकडून वाचा’ असं लिहा. आणि सबनेट मास्कचे, म्हणजे पत्त्यातला नेटवर्कचा भाग कुठवर ते सांगणारे आकडे यात कोंबू नका. १२८मध्ये ६४, मग ३२, १६ मिळवत गेलं की १९२, २२४, २४० आपोआप येतात. जे काढता येतं ते पाठ कशाला करायचं?

— आद्याक्षरी मराठी प्रतिशब्दांवरून करायची असेल, तर आधी प्रतिशब्द तपासा. सुरक्षेच्या त्रयीतल्या (गोपनीयता, इंटेग्रिटी, उपलब्धता) ‘इंटेग्रिटी’ला काही ठिकाणी ‘सचोटी’ लिहितात. सचोटी माणसात असते. फाइलमध्ये कोणी परस्पर फेरफार केलेला नाही, हे सांगायला ‘अविकृतता’ नेमका. ‘अखंडता’ म्हटलं की तुकडे न होणं डोळ्यापुढे येतं, पण बदललेली फाइलही अखंड असू शकते.

— मग ‘स्मृतिसूत्र’ की ‘स्मरणसूत्र’?

— स्मरणसूत्र. संगणकाच्या मजकुरात ‘स्मृती’ म्हणजे मेमरी. ‘स्मृतिसूत्र’ वाचणारा रॅमबद्दल काही असेल असं समजून पुढे जाईल.