तीन आठवड्यांची चाल : घोट्यापर्यंतचे बूट की हलके शूज? आणि सॅक किती लिटरची?

रानपाखरू :
नमस्कार मंडळी. सलग तीन आठवडे चालायचं ठरलंय. रोज साधारण वीस किलोमीटर, बहुतेक मुक्काम तंबूत. वाट डोंगरातली आहे, पण दोर लावावा लागेल अशी नाही. आजवर दोन-तीन दिवसांच्या वर कधी गेले नाही. तेवढ्याला लॅपटॉपची सॅक आणि पळायचे शूज पुरले. आता दोन्ही नवीन घ्यायचंय आणि जितकं वाचतेय तितका गोंधळ वाढतोय. कुणी म्हणतं घोटा झाकणारे वॉटरप्रूफ बूटच हवेत, कुणी म्हणतं ट्रेल रनर्स, म्हणजे डोंगरवाटांवर पळायचे हलके शूज. सॅक तर ४० पासून ७० लिटरपर्यंत सगळ्या सुचवून झाल्या. माझा चवडा रुंद आणि टाच बारीक, त्यामुळे करंगळीला हमखास फोड येतो. आधी काय ठरवू?

कातळकडा :
बूटच घ्या. पाठीवर ओझं असताना घोटा मुरगळला की चाल तिथेच संपली. सॅक ६५ लिटरची घ्या, ऐन वेळी जागा कमी पडायला नको.

सावकाश :
मी वेगळं सांगणार आहे आणि जरा लांबण लावणार आहे, कारण हे दोन प्रश्न वेगळे नाहीतच.

आधी बूटही घेऊ नका आणि सॅकही. नेणार ते सगळं सामान जमिनीवर मांडा आणि वजन करा. तंबू, स्लीपिंग बॅग, मॅट, कपडे, स्टोव्ह, औषधं, चार्जर, सगळं. त्यात सगळ्यात लांबच्या टप्प्याचं खाणं आणि पाणी धरा. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, आणि नेमकं तेच हिशोबातून सुटतं. मग सगळं एका खोक्यात भरा, स्लीपिंग बॅग सॅकमध्ये दाबाल तशीच दाबून. खोक्याची भरलेली लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये मोजून गुणाकार करा आणि हजाराने भागा. आले तुमचे लिटर. ६५ ची सॅक घेतली की ६५ लिटर सामान जमतंच, म्हणून जागा आधी विकत घेऊ नये असं माझं ठाम मत आहे.

एकूण ओझं दहा-बारा किलोच्या आत असेल तर हलके शूज घ्या. पंधराच्या पुढे गेलं आणि वाट सुट्या दगडांची असेल, तर कडक तळाचे बूट घेण्यात अर्थ आहे. पायावरचं वजन प्रत्येक पावलाला उचलावं लागतं. पायातले १०० ग्रॅम पाठीवरच्या जवळपास अर्ध्या किलोइतके दमवतात, हे सैनिकांच्या बुटांवरच्या अभ्यासातही दिसलेलं आहे. दिवसाच्या हजारो पावलांनी गुणून बघा.

घोट्याबद्दल. मऊ, कापडी उंच कॉलर मुरगळणारा घोटा धरून ठेवत नाही. खरचटणं, काटे, दगडाचा मार यांपासून ती वाचवते, तेवढं श्रेय तिला द्यायला हवं. घोटा सांभाळतात ते पोटरीचे आणि पावलाचे स्नायू, म्हणून आजपासून एका पायावर उभं राहायचा सराव सुरू करा. एम्मा गेटवुड १९५५ साली, वयाच्या ६७व्या वर्षी, अमेरिकेतली अ‍ॅपलेशियन ट्रेल एकटीने चालल्या. तीन हजारांहून जास्त किलोमीटर, तेही कॅनव्हासच्या शूजमध्ये. त्यांचे बरेच जोड झिजले. पण सामान होतं खांद्यावरच्या घरी शिवलेल्या एका थैलीत मावेल इतकंच, म्हणून ते शूज चालले.

वॉटरप्रूफ बूट बर्फात आणि कडाक्याच्या थंडीत उपयोगी. एरवी ओढा ओलांडताना पाणी वरून आत शिरतं आणि आतला पाणी अडवणारा पडदा ते बाहेर जाऊ देत नाही. जाळीचे शूज चालता चालता निथळतात.

आता तुमचा चवडा. मोठं माप घेऊन हे सुटणार नाही, लांबी वाढेल आणि टाच आणखी सुटेल. रुंद टो बॉक्सचा, म्हणजे बोटांकडे ऐसपैस असलेला शूज हवा. दुकानात संध्याकाळी जा, दिवसभरात पाय सुजतो. चालताना घालणार तेच मोजे सोबत न्या. इनसोल बाहेर काढून त्यावर उभ्या राहा : करंगळी कडेबाहेर सांडत असेल तर तो शूज परत ठेवा, पुढचं बघायचीही गरज नाही. आत बसत असेल तर घालून उतारावर चाला. बोटं पुढे आदळता कामा नयेत, पुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा राहिली पाहिजे.

रानपाखरू :
सावकाशताई, मनापासून आभार. मांडून वजन केलं, खाण्यापाण्यासकट १३ किलो भरलं. खोक्याचं माप ५२ लिटर. आता मधेच अडकले! आणि टाचेचं काय करू?

सावकाश :
१३ वरून ११ वर येणं कठीण नाही. जादा कपडे आणि ‘असू दे’ म्हणून घेतलेल्या वस्तू आधी काढा. मग हलके शूज आणि ५० लिटरची सॅक. फ्रेम, म्हणजे पाठीकडचा कडक सांगाडा, मात्र हवीच, एवढं ओझं बिनफ्रेमच्या सॅकमध्ये खांद्यावर लटकतं.

सॅकचं माप उंचीवर नाही, पाठीच्या लांबीवर असतं. मान खाली घातली की मानेच्या मुळाशी एक हाड वर येतं. तिथपासून, कमरेच्या हाडांवर हात ठेवून अंगठे मागे नेले की ते मणक्यावर जिथे येतात तिथपर्यंत, कुणाकडून तरी टेपने मोजून घ्या. दुकानात सॅकमध्ये दहा किलो भरायला लावा आणि सगळे पट्टे सैल सोडा. आधी कमरेचा पट्टा हाडांच्या वरच्या कडेवर आवळा, मग खांद्याचे, मग खांद्यावरचे छोटे ओढपट्टे, छातीचा सगळ्यात शेवटी. बहुतेक भार कमरेवर आला पाहिजे, खांद्याच्या पट्ट्याखाली बोटं सहज सरकली पाहिजेत. अर्धा तास तशाच फिरा.

टाचेसाठी : शूजच्या वरच्या बाजूला जे एक भोक रिकामं असतं, त्यात नाडी बाहेरून आत घालून दोन्हीकडे छोटी कडी ठेवा. नाडीची टोकं समोरासमोरच्या कड्यांतून ओवा, खाली ओढा, गाठ मारा. टाच मागे घट्ट बसते, चवडा मोकळा राहतो.

कातळकडा :
वजनाचा मुद्दा पटला. माझं ओझं अठराच्या खाली जात नाही, म्हणून मी बुटांवर ठाम आहे. एक भर घालतो : रेन कव्हरवर विसंबू नका, पाऊस पाठीकडून आत उतरतो. सॅकच्या आत जाड प्लास्टिकची मोठी पिशवी घाला आणि सामान तिच्यात भरा.

रानपाखरू :
शेवटचा प्रश्न. नवे शूज किती आधी घेऊ? आणि एक जोड पुरेल ना?

सावकाश :
पुरेल. ट्रेल रनर्स साधारण ५०० ते ८०० किलोमीटर टिकतात, तुमची चाल ४२० च्या आसपास आहे. तीन-चार आठवडे आधी घ्या, म्हणजे भरलेली सॅक घेऊन सलग दोन दिवस चालून बघता येईल. फोड बहुतेकदा दुसऱ्या दिवशी बोलतात. मोजे सुती नकोत, लोकरी किंवा सिंथेटिक घ्या. करंगळी गरम वाटली की पुढच्या थांब्याची वाट न बघता तिथेच बसा, पाय कोरडा करा आणि टेप लावा.