हजाराच्या आतली रीसलिंग: गोडवा हा दोष मानावा का?

रंकाळाकाठ:
गेल्या शनिवारी आमच्या घरी सुके मटण आणि दोन्ही रस्से झाले होते. त्यासोबत मी नाशिक भागात तयार झालेली, हजार रुपयांच्या आत मिळालेली रीसलिंग ही पांढरी वाइन उघडली. मेहुण्यांनी एक घोट घेतला, "दाजी, हे तर शरबत आहे," असा निकाल दिला आणि पेला बाजूला सारला. गोड वाइन म्हणजे वाइन न झेपणाऱ्यांची सोय, आणि स्वस्त वाइनमधला गोडवा म्हणजे हलका माल झाकण्याची युक्ती, असे त्यांचे म्हणणे आहे. मला ते मान्य नाही.

रीसलिंग हे मूळचे ऱ्हाईन नदीच्या खोऱ्यातले द्राक्ष असून 1435 सालच्या एका जर्मन हिशेबात त्याचा उल्लेख सापडतो. त्याचा आंबटपणा मुळातच इतका भक्कम असतो की थोडी साखर शिल्लक राहिली तरी ती तोंडात चिकटून बसत नाही. जर्मनीतील मोझेल खोऱ्यातील आठ-नऊ टक्के अल्कोहोलच्या हलक्या रीसलिंगमध्ये साखर मुद्दाम राखली जाते आणि त्यामुळे तिला कोणी दुय्यम ठरवत नाही. गोड पांढऱ्या वाइनचे नाव खराब केले ते लीबफ्राउमिल्श या नावाने परदेशी पाठवल्या गेलेल्या स्वस्त जर्मन वाइनने, आणि गंमत अशी की त्यातील पुष्कळशा मालात रीसलिंग नव्हतेच, म्युलर-थुर्गाऊ नावाचे भरघोस पिकणारे द्राक्ष होते.

आता त्या जेवणाविषयी. नुसता घोट घेतला तेव्हा आधी लिंबाची साल, मग अर्धवट पिकलेला पेरू, आणि ओठांवर गोडवा जाणवला. त्यानंतर मटणाचा घास खाल्ला. आमच्या घरच्या वर्षाच्या चटणीत यंदा लवंगी मिरची अंमळ जास्तच पडली आहे, त्यामुळे जिभेला चांगलाच चटका बसला. लगेच दुसरा घोट घेतला तेव्हा मघाचा गोडवा कुठल्या कुठे गेला होता, जाळ खाली बसला आणि मागे फक्त आंबटपणा उरला. आदल्या दिवशीची थोडी शिराझ ही लाल वाइन शिल्लक होती, तीही घेऊन पाहिली, तर तिखट उलट भडकले. मिरची ज्या मज्जातंतूंना पेटवते त्यांनाच अल्कोहोलही चेतवते, आणि लाल वाइनमध्ये अल्कोहोल जास्त असून वर टॅनिनचा तुरटपणा असतो, हे त्याचे कारण आहे. म्हणून या किमतीत आपल्या जेवणासाठी मी किंचित गोड रीसलिंगच निवडेन.

तासगावची बाग:
आमच्या घरी तीन पिढ्यांची द्राक्षबाग आहे. ती खायच्या आणि बेदाण्याच्या द्राक्षांची असली तरी वेलीचा स्वभाव आम्हाला ठाऊक आहे. तुमचे तत्त्व मला मान्य आहे, बाटली मान्य नाही. मोझेलमध्ये रीसलिंग हळूहळू पिकत ऑक्टोबरपर्यंत वेलीवर राहते आणि त्या थंडीमुळे तिचा आंबटपणा टिकतो. आपल्याकडे एप्रिलची खरड छाटणी आणि पावसाळा सरता सरता होणारी गोडी छाटणी, अशा दोन छाटण्यांनंतर जानेवारी ते मार्चमध्ये माल येतो. नाशिकच्या जानेवारीतल्या रात्री थंड असतात हे खरे, परंतु दिवसाचे ऊन तापू लागले की घडात साखर झपाट्याने चढते आणि आंबटपणा तितक्याच झपाट्याने उतरतो. आंबटपणा उतरलेल्या वाइनमधली साखर म्हणजे मेहुणे म्हणाले तेच.

तुम्ही ती फ्रीजमधून काढल्याबरोबर प्यालात, आणि गारव्यात साखर नेहमीच दबून राहते. तीच वाइन अर्धा तास टेबलावर ठेवून पुन्हा चाखा आणि मग सांगा.

साखरपट्टा:
मी साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत काम करतो. उसाच्या रसाचे ब्रिक्स, म्हणजे त्यातील साखरेचे माप, काढण्यात माझा हंगाम जातो, आणि द्राक्षाची साखर मोजायलाही वायनरीत तेच ब्रिक्स वापरतात. ढोबळ हिशेब असा की लिटरमागे सुमारे 17 ग्रॅम साखर आंबली की एक टक्का अल्कोहोल तयार होते. म्हणजे रसात लिटरला 200 ग्रॅम साखर असेल आणि ती सगळी आंबली, तर वाइन बारा टक्क्यांच्या आसपास जाते. आंबणे नऊ टक्क्यांवर थांबवले, तर पन्नासेक ग्रॅम साखर तशीच उरते. त्यामुळे रीसलिंगच्या लेबलवर गोडीचा उल्लेख नसला तरी अल्कोहोलचा आकडा पाहावा. साडेबारा असेल तर ती बहुधा कोरडी, म्हणजे गोडवा जवळजवळ नसलेली, आणि दहाच्या खाली असेल तर गोड धरून चालावे. जर्मन बाटलीवर 'ट्रोकन' लिहिलेले असेल तर ती कोरडीच असते.

राहिला वादाचा मुद्दा. गुऱ्हाळावर रसाचा पेला हातात घेतल्यावर आपण लिंबू मागतो ते रस गोड आहे म्हणून नव्हे, तर नुसता गोड आहे म्हणून. मेहुण्यांची तक्रार लिंबू कमी पडल्याची असावी.

पांढरी वाटी:
मूळ लेखाचा रोखच मला पटलेला नाही. तांबड्या रश्श्याचा जाळ विझवायचाच असेल तर चटणी कमी घालावी, त्यासाठी हजार रुपये कशाला खर्चावेत? तेवढ्या पैशात कोल्हापुरात दोघांचे मटणाचे ताट होते. ताटात पांढऱ्या रश्श्याची वाटी असते ती काही शोभेसाठी नसते. नारळाचे दूध, खसखस, तीळ आणि मटणाचे अळणी यांनी तिखटाला उतार द्यायचा, हे जेवण रचणाऱ्यांनी आधीच ठरवून ठेवले आहे. त्याउपरही कोणाला थंडावा हवा असेल तर गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर जावे. दुधातले केसीन हे प्रथिन मिरचीतला जाळ बांधून ठेवते, ते काम कोणत्याही वाइनला साधत नाही.

आणखी एक शंका अशी की, मागे मी घेतलेल्या रीसलिंगच्या बाटलीला स्टोव्ह भरताना येतो तसा रॉकेलचा वास येत होता. दुकानदाराने ती परत घेतली नाही. असल्या मालाचे कौतुक कशासाठी करायचे?

साखरपट्टा:
रॉकेलच्या वासाबद्दल थोडे सांगतो. तो रीसलिंगचा ओळखीचा गंध आहे. द्राक्षातील कॅरोटिनॉइड या रंगद्रव्यांपासून टीडीएन नावाचे संयुग तयार होते, त्याचा तो वास असतो. घडांवर ऊन जास्त पडले की तो वाढतो आणि बाटली मुरत गेली तसा ठळक होतो. जुन्या बाटलीतला असा हलका गंध काही जाणकार आवडीने शोधतात. तुमची बाटली नासलेली नसावी, मात्र तो वास तुम्हाला आवडलाच पाहिजे अशी सक्ती कोणी करू नये.

रंकाळाकाठ:
तासगावकरांच्या सूचनेप्रमाणे काल उरलेल्या बाटलीवर प्रयोग केला. फ्रीजमधून काढल्यावर ती ठीक होती. दहा मिनिटांनी पेरूचा वास अधिक खुलला, आणि तो क्षण मला सर्वांत आवडला. अर्ध्या तासाने मात्र पेल्याच्या काचेवरचे दव सुकले होते, वाइन जिभेवर जड झाली होती आणि शेवटचा घोट मी खरोखर टाकून दिला. बाटली चार दिवस उघडी होती ही पळवाट मला घेता येईल, पण घेत नाही. आंबटपणा कमी पडतो, हे मान्य.

तरीही जेवताना पेला अर्धा तास कोण राखून ठेवतो? थोडी थोडी ओतावी, बाटली बर्फाच्या बादलीत ठेवावी, आठ-दहा अंशांवर प्यावी. तेवढी काळजी घेतल्यावर तिखटासोबत ती आपले काम चोख करते, या मतावर मी ठाम आहे.

पांढरी वाटी यांनी लिहिले म्हणून पांढऱ्या रश्श्यासोबतही ती घेऊन पाहिली. जोडी सपशेल फसली. त्या रश्श्यात नारळाच्या दुधाचा स्वतःचा गोडवा असतो आणि साखरेला दाबून धरणारी मिरची नसते, त्यामुळे रस्सा आणि वाइन दोन्ही मिळमिळीत लागले.

पांढरी वाटी:
म्हणजे ज्या ताटात दोन्ही रस्से शेजारी शेजारी असतात, त्या ताटासोबत तुमची वाइन अर्धीच चालते. आपल्याकडे कोणी आधी एक रस्सा संपवून मग दुसरा घेत नाही. इकडचा भुरका, तिकडचा भुरका असेच जेवण चालते. मग पेला नेमका कधी उचलायचा?

रंकाळाकाठ:
सुक्यानंतर आणि तांबड्यानंतर. पांढरा पिताना पेला खाली ठेवायचा. रविवारी मेहुणे पुन्हा येणार आहेत, या वेळी त्यांना पहिला घोट तिखट घास खाल्ल्याशिवाय देणार नाही.