सायकल ट्रॅक मागणं बंद करा, आधी गाड्यांचा वेग उतरवा

घंटी_वाजवा
गेली चार वर्षं आम्ही दहाबारा जण मिळून सायकलवाल्यांसाठी निवेदनं देत फिरतोय आणि आता मला वाटायला लागलंय की आपण मागतोय तेच चुकतंय. ट्रॅक मागितला, मिळाला. पेव्हर ब्लॉकचा, मध्येच विजेची पेटी, त्याच्यापुढे झाड, झाडानंतर कुणाच्या तरी गेटचा उतार, आणि जिथे खरी भीती असते त्या चौकाच्या तीस पावलं आधी संपतो. संपतो म्हणजे पुढे काहीच नाही, वाऱ्यावर सोडून दिल्यासारखं. आता मी रस्त्यावरून चालवली की मागचा हॉर्न दाबून ओरडतो, "तुमच्यासाठी केलाय ना ट्रॅक, तिकडे जा की". ट्रॅक मिळाला आणि रस्ता गेला!

हिशोब बघा. धोका दिसल्यापासून पाय ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद धरा. ताशी ५० ला त्या एका सेकंदात गाडी जवळपास १४ मीटर पुढे जाते. ताशी ३० ला ८ मीटर, आणि ब्रेक लागून उभी राहायला अजून ५, म्हणजे कोरड्या रस्त्यावर १३ मीटरमध्ये खेळ खलास. ३० वाली गाडी जिथे थांबलेली असते तिथे ५० वाल्याने अजून ब्रेकला पायसुद्धा लावलेला नसतो. वर धडक वेगाच्या वर्गाने वाढते, या दोघांत पावणेतीन पटींचा फरक. ऑस्ट्रियातल्या ग्राझने १९९२ मध्येच मुख्य रस्ते सोडून सगळीकडे ३० केलं, पॅरिसने २०२१ मध्ये. माझं म्हणणं, निवेदनात आता एकच ओळ ठेवायची: आतल्या रस्त्यांवर वेग ३०. ट्रॅकचं नावच काढायचं नाही.

चारचाकी_निरुपाय
घ्या, म्हणजे आता आम्ही पण बैलगाडीसारखं चालवायचं. अहो सिग्नल तोडतं कोण, उलट्या बाजूने येतं कोण, रात्री दिवा न लावता अंगावर येतं कोण? नंबर प्लेट नाही, लायसन नाही, रस्त्याचा कर नाही, आणि हक्क मात्र पाहिजेत. आणि ते रस्त्याच्या मधोमध चालवायचं काय खूळ आहे? कडेने जा ना बाबांनो.

घंटी_वाजवा
@चारचाकी, कडेने का जात नाही ते सांगतो, हा प्रश्न खरोखर कुणी विचारतच नाही, नुसते ओरडतात. कडेला गाड्या उभ्या असतात आणि उभ्या गाडीचं दार कधीही उघडतं. दार मीटरभर बाहेर येतं. मला एकदा बसलंय, हँडल दारात आणि मी रस्त्यात, मागून बस येत नव्हती हे नशीब. तेव्हापासून उभ्या गाड्यांपासून दाराएवढं अंतर सोडून चालवतो आणि ते तुम्हाला मधोमध वाटतं. जर्मनीत २०२० पासून शहरात सायकलला ओव्हरटेक करायचं तर दीड मीटर अंतर सोडणं सक्तीचं आहे. बाकी दार उघडताना दारापासून लांबच्या हाताने उघडा, आपोआप मान मागे वळते. एवढं केलंत तरी उपकार.

सिग्नलचं मान्य. तोडणारे आहेत आणि ते चूकच आहेत.

गणिती_किडा
कराचा मुद्दा दर वेळी येतो म्हणून. १९५० च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेत इलिनॉयमध्ये खास रस्ते बांधून त्यावरून ट्रक फिरवून फिरवून चाचण्या घेतल्या होत्या. त्यातून ढोबळ नियम निघाला की रस्त्याची झीज अ‍ॅक्सलवरच्या वजनाच्या चौथ्या घाताने वाढते. सायकल आणि माणूस मिळून १०० किलो, गाडी १५०० किलो, दोघांना दोन दोन अ‍ॅक्सल. १५ चा चौथा घात ५०,६२५. झिजेवर कर लावायचा ठरला तर सायकलवाल्याला सुटे पैसे मिळणार नाहीत.

(नियम ढोबळच आहे आणि मुळात जड ट्रकसाठी काढलेला, त्यामुळे आकडा शब्दशः धरून बसू नका.)

चारचाकी_निरुपाय
मग अर्धा रस्ता ट्रकवाल्यांना द्या, ते सगळ्यात जास्त झिजवतात 😄 आणि तिकडे नेदरलँड्समध्ये म्हणे अपघात झाला की कायद्याने चूक गाडीवाल्याचीच धरतात. तसलं काही इकडे आणायचा विचार असेल तर आत्ताच सांगा.

गणिती_किडा
चूक नाही हो, भरपाई. गैरसमज जुना आहे. गाडी आणि सायकलची टक्कर झाली तर नुकसान भरून देण्याची जबाबदारी मुळात गाडीवाल्याकडे जाते आणि ती बहुतेक वेळा विमा कंपनी उचलते. सायकलवाल्याची चूक सिद्ध झाली तर ती रक्कम कमी होऊ शकते, १४ वर्षांखालच्या मुलांना मात्र जवळजवळ नेहमी पूर्ण मिळते. तुरुंगाबिरुंगाचा त्यात संबंध नाही, फौजदारी मामला वेगळा चालतो. दीड टन लोखंड घेऊन फिरणाऱ्याने जास्तीची जोखीम घ्यावी, एवढाच विचार.

सलग_जाळं
धागाकर्त्याशी अजिबात सहमत नाही आणि शीर्षक वाचून तर डोक्याला हात लावला. ट्रॅक वाईट बांधला म्हणून ट्रॅकच नको? पूल पडला म्हणून नदी पोहून जायचं का?

अमेरिकेत जॉन फॉरेस्टर १९७० च्या दशकापासून हेच सांगायचा, सायकलवाल्याने स्वतःला वाहनचालक समजावं, गाड्यांमध्ये मिसळून चालवावं, वेगळी वाट मागू नये. तिकडच्या बऱ्याच सायकलवाल्यांनीच ते उचलून धरलं आणि झालं काय, जे तगडे, बिनधास्त होते ते चालवत राहिले आणि बाकीचे गाडीत जाऊन बसले. तुम्ही त्याला वेगाची जोड दिलीत इतकंच.

उलट स्पेनमधलं सेव्हिया बघा. २००६-०७ च्या सुमारास त्यांनी एका दमात सुमारे ८० किलोमीटरचं जाळं टाकलं. तुकड्यातुकड्याने नाही, जोडलेलं, गाड्यांपासून वेगळं, आणि बरीचशी जागा पार्किंगची काढून घेतली. सायकलचा वाटा आधी एक टक्कासुद्धा नव्हता, काही वर्षांत सहाच्या आसपास गेला. गंमत ही की दोन किलोमीटरचा सुंदर ट्रॅक बांधून मोजायला बसलात तर कोणीच दिसणार नाही, कारण दोन किलोमीटरवर कुणाचं ऑफिसही नसतं आणि घरही नसतं. मग तोच रिकामा ट्रॅक दाखवून म्हणतात बघा कोणी वापरत नाही. तुमचा पेव्हर ब्लॉकवाला ट्रॅक त्याच जातीचा.

फुटपाथी
मी रोज चालतो, वय ६८. तुमच्या भांडणात आमचं कोणी विचारत नाही म्हणून लिहितो. मागच्या महिन्यात फुटपाथवर मागून सायकल आली, घंटी नाही, कोपराला धक्का, मनगट सुजलं आणि मुलगा "सॉरी काका" म्हणून पसार. गाडीने तुम्हाला घाबरवायचं आणि तुम्ही आम्हाला, असा हा कारभार आहे. आणि ट्रॅक करायचं ठरलं की जागा पहिल्यांदा फुटपाथचीच कापतात, पार्किंगला हात लावत नाहीत.

घंटी_वाजवा
काका, याला उत्तर नाही माझ्याकडे. तो मुलगा चुकलाच. आमच्या ट्रॅकला पण जागा फुटपाथचीच गेली आणि तेव्हा आम्ही गप्प बसलो, कारण आम्हाला ट्रॅक हवा होता. हे निवेदनात कधी लिहिलं नव्हतं, इथे लिहितो.

पंक्चर
+१ काकांना. बाकी चालू द्या.

रात्रपाळी
तुमची चर्चा वाचली, सगळी दिवसाची आहे. मी रात्री दोनला सुटतो. नऊ किलोमीटर. हौस म्हणून नाही, त्या वेळेला दुसरं काही मिळत नाही म्हणून सायकल. रात्री रस्ता रिकामा असतो आणि रिकामा रस्ता म्हणजे गाड्या ८० ने. ३० ची पाटी त्या वेळी कोण वाचतं? पोलीस नसतो, कॅमेरा नसतो. त्यामुळे @घंटी_वाजवा तुमच्या पाटीचा मला काडीचा उपयोग नाही. आणि @सलग_जाळं तुमचा तो झाडीतून जाणारा वेगळा ट्रॅक, त्यावर दिवे नसतात हो, कुत्री असतात, आणि मी पडलो तर सकाळपर्यंत कुणाला कळणार नाही. मी मुद्दाम मोठ्या रस्त्याने जातो, दिव्यांसाठी.

मला काय पाहिजे विचाराल तर जिथे गाडीला वळताना हळू व्हावंच लागेल असा चौक. उंचवटा असेल, कोपरा टाइट असेल, काहीही, पण दोन वाजतासुद्धा काम करेल असं. माझ्या दोन्ही पडण्या चौकातच झाल्यात, सरळ रस्त्यावर एकही नाही. दोन्ही वेळा गाडी मला ओलांडून लगेच माझ्यापुढूनच वळली.

सलग_जाळं
@रात्रपाळी, दिव्यांचं बरोबर आहे, आमच्या कुठल्याच नकाशात दिवे नव्हते. चौकाचंही पटतं. बाहेर याचे ठरलेले उपाय आहेत, कोपऱ्यावर छोटं दगडी बेट करतात, त्याने गाडीला काटकोनात वळावं लागतं आणि वळून झाल्यावर सायकल चालकाच्या नजरेसमोर येते, खांद्यामागे राहत नाही. ट्रकसाठी तर हे फारच गरजेचं, त्याच्या केबिनमधून बाजूला खेटून असलेली सायकल दिसतच नाही. पण हे सगळं ट्रॅक असला तरच ना?

सावकाश_जा
नाही, ट्रॅक नसला तरी कोपरा टाइट करता येतो, उगीच वाद नको.

मी स्वतः सायकल चालवत नाही, माझी नऊ वर्षांची मुलगी चालवते, इमारतीच्या आवारात गोल गोल. शाळा दीड किलोमीटरवर आहे आणि मी तिला गाडीने सोडते, आणि शाळेच्या दारात ज्या गाड्यांची मला भीती वाटते त्यातली एक माझीच असते. नेदरलँड्सचं नाव दोघा-तिघांनी घेतलंय म्हणून, तिथे १९७१ साली रस्त्यांवर सुमारे ३,३०० माणसं गेली, त्यात ४०० हून जास्त मुलं. पुढच्या वर्षी जी चळवळ उभी राहिली तिचं नाव 'मुलांच्या हत्या थांबवा' अशा अर्थाचं होतं, सायकलचा त्यात उल्लेखही नाही. वरून १९७३ चं तेलसंकट आलं. मग त्यांनी घरांजवळचे रस्ते मंद केले, मोठ्या रस्त्यांवर वेगळे ट्रॅक केले, दोन्ही, आणि त्यालाही कितीतरी वर्षं लागली. तुम्ही दोघं मात्र भांडताय की आधी डावा पाय की उजवा.

चारचाकी_निरुपाय
ताईंचा मुद्दा पटला. शाळेच्या वेळेला मी पण त्याच रांगेत असतो, वीस मिनिटं जातात. मुलं सायकलने गेली तर रांग कमी होईल हे कळतं मला. पण सिग्नल तोडणाऱ्यांचं बघा आधी.

घंटी_वाजवा
शीर्षक आता बदलता येत नाही, नाहीतर बदललं असतं. "वेग उतरवा" वर मी ठाम आहे, "ट्रॅक मागणं बंद" हे रागात लिहिलं. पाटी लावून वेग उतरत नाही हे रात्रपाळीवाल्यांनी बरोबर पकडलं, रस्ता रुंद आणि सरळ असला की पाय आपोआप दाबला जातो, मग पाटीवर काहीही लिहा.

एक रस्ता परत खोदून नव्याने करणार आहेत, त्याची सुनावणी पुढच्या आठवड्यात आहे. मसुद्यात चौक आहे तसाच ठेवलाय, ट्रॅक पुन्हा तीस पावलं आधी संपतो. तिथे मी एवढंच मागणार, पैसे कमी असतील तर ट्रॅक अर्धा करा पण चारही चौक आधी करा, दिवे लावा आणि फुटपाथ कापू नका. जागा पार्किंगची घ्या. @सलग_जाळं, तुम्ही येऊन विरोधात बोलणार असाल तर आधी सांगा.

सलग_जाळं
येतो. चौकांच्या बाजूने बोलेन, "अर्धा ट्रॅक" ला मात्र उभा राहून विरोध करणार. एकदा अर्धा घेतला की उरलेला अर्धा कधीच मिळत नाही.

रात्रपाळी
सुनावणी किती वाजता आहे?

घंटी_वाजवा
सकाळी अकरा.

रात्रपाळी
मग झालं. मी तेव्हा झोपलेला असतो. लिहून पाठवलं तर वाचून दाखवाल का?

घंटी_वाजवा
दाखवतो. चौकांची नावं घालून लिहा, आणि दोन्ही वेळा गाडी कुठल्या बाजूने वळली ते पण.