नवऱ्याची सिगरेट ऑफिसच्या टेन्शनमुळे परत सुरू होते, घरच्यांनी काय करावं?

मंडळी, नवऱ्यासाठी विचारतेय. बँकेत आहे, दिवसाला आठ-दहा सिगरेटी आणि मार्च एंडिंगला त्याहून जास्त. सोडायची इच्छा त्याचीच आहे, मी मागे लागलेय म्हणून नाही. गावी गेलो की चार-चार दिवस आठवणसुद्धा येत नाही त्याला पण ऑफिसात टार्गेटवरून बोलणी खाल्ली की पाय टपरीकडे वळतात, एक कटिंग आणि एक सुट्टी. सुट्टी सिगरेट विकायला राज्यात २०२० पासून बंदी आहे तरी मिळतेच.

पाकिटावर क्विटलाइनचा, म्हणजे तंबाखू सोडायला मदत करणाऱ्या फोनसेवेचा नंबर असतो ना, १८००-११-२३५६, तिथे त्याने फोन केला होता, फुकट आहे. त्यांनी समजावलं की तलफ काही मिनिटांत ओसरते, तेवढा वेळ पाणी प्या, चालून या, लांब श्वास घ्या, आणि सिगरेटने जे बरं वाटतं ते टेन्शन गेल्यामुळे नाही, निकोटिन उतरल्यावर जी बेचैनी होते ती तेवढ्यापुरती शमते म्हणून. मला तर एकदम पटलं, त्यालाही पटतं.

पण खरी अडचण अशी की टपरीवर जे तिघं-चौघं भेटतात त्यांच्यापाशीच तो मन मोकळं करतो. घरी ऑफिसचं काही बोलत नाही. टपरी बंद केली तर हा बोलणार कुणाशी? आणि सिगरेट बंद केली की चिडचिड इतकी होते की लेक त्याच्या जवळ जात नाही, मला फार वाईट वाटतं दोघांचंही. निकोटिन गमही आणला होता, ॲसिडिटी झाली म्हणून सोडला. कुणाच्या घरी हे जमलंय का, काय केलंत?

प्रतिसाद :
ताई, गम च्युइंगगमसारखा चघळायचा नसतो. हळू चावायचा, झिणझिणलं की गालात दाबून ठेवायचा, परत थोड्या वेळाने चावायचा. भराभर चावून रस पोटात गेला की जळजळ होते. चहा-कॉफीनंतर लगेच नको, पंधरा मिनिटं जाऊ द्या. आणि चहा कमी करायला सांगा, हे कुणी सांगत नाही, सिगरेट सुटली की कॅफिन अंगात जास्त वेळ राहतं, मग तेवढ्याच चहाने धडधड आणि झोप नाही आणि माणसाला वाटतं सिगरेट सोडल्यामुळेच होतंय.

प्रतिसाद :
आमच्याकडे भावाची सुटली. चिडचिड पहिल्या आठवड्यात फार, तीन-चार आठवड्यांत निवळते, लेकीला आधीच सांगून ठेवा की बाबा तुझ्यावर रागावलेला नाही. मित्र तोडू नका, त्यातल्या एकाला विश्वासात घेऊन भेट टपरीऐवजी जेवणानंतरच्या फेरफटक्यावर न्या. रोज 'ओढलीस का' विचारू नका, 'आज ऑफिसात काय झालं' विचारा. कामाचं टेन्शनच खूप असेल तर टेलिमानस ही सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन आहे, नंबर १४४१६, मराठीत बोलता येतं. त्यांना बीपी किंवा हार्टचं काही आहे का? असेल तर गम परत सुरू करण्याआधी डॉक्टरांना विचारा.