मुंबईच्या रॉयल ऑपेरा हाऊसमध्ये आईला नाटक दाखवायचंय, सीट कुठल्या घेऊ?

पोहे_जलेबी_इंदूर
नमस्कार मंडळी, आम्ही इंदूरचे, रामबागेतले. नाटक म्हणजे सानंदचा (इथे मराठी नाटकं आणणारी आमची संस्था) पास काढायचा, युनिव्हर्सिटीच्या हॉलमध्ये जाऊन बसायचं, नाटक सुटलं की ज्याला झेपेल त्याने सराफ्यात (आमचा रात्रीचा खाऊबाजार) जायचं, एवढंच आम्हाला माहीत. पण माझे आजोबा (आईचे वडील) लग्नाआधी मुंबईत नोकरीला होते आणि ऑपेरा हाऊसमध्ये बालगंधर्वांना ऐकलंय हे त्यांनी घरात इतक्या वेळा सांगितलंय की आईला ती वास्तू न बघताच पाठ आहे. आई आता ७४ वर्षांची, एक गुडघा कुरकुरतो. पुढच्या महिन्यात तिथे संध्याकाळचा एक प्रयोग आहे, नेऊनच आणतो म्हटलं. आता प्रश्न असा की खाली बसवू का बाल्कनीत, जायचं कसं, आणि त्याच रात्री परत निघता येईल का, कारण सोमवारी ऑफिस आहे आणि रजा मागायची म्हणजे बॉसचं तोंड बघावं लागतं.

गिरगावची_सून
माहेर इंदूरचं, सासर गिरगाव, त्यामुळे हा प्रश्न माझाच 😄 आधी गाडीचं बघा दादा. जाताना अवंतिका एक्सप्रेस मस्त, सकाळी मुंबई सेंट्रलला सोडते. पण परतीची अवंतिका संध्याकाळी सातच्या आसपास निघते, म्हणजे तुमचं नाटक आणि गाडी एकाच वेळेला! रात्रीचा मुक्काम धरूनच चला, रजा टाका, बॉसचं तोंड एक दिवस बघा. मुंबई सेंट्रलहून स्लो लोकलने ग्रँट रोड आणि मग चर्नी रोड, दोनच स्टेशनं, पण मावशींचा गुडघा दुखतो तर स्टेशनचे जिने कशाला, सरळ टॅक्सी करा, केनेडी ब्रिजजवळचं ऑपेरा हाऊस म्हटलं की कोणीही सोडतो.

सीट खालीच घ्या, स्टॉल्समध्ये मधल्या रांगा, कडेची खुर्ची म्हणजे पाय लांब करता येतो. वर ड्रेस सर्कल आणि त्याच्यावर बाल्कनी आहे, पण जुन्या थिएटरांत वरून बघताना नटांचे चेहरे कमी आणि डोकीच जास्त दिसतात असा माझा सगळीकडचा अनुभव. आणि बुकिंग झालं की एक फोन करून विचारा की पायऱ्या किती चढायच्या आणि गाडी दारापर्यंत येते का, नुसतं वेबसाईटवर विसंबू नका. थोडं लवकर पोचा, नाटकाच्या आधीच बघण्यासारखं खूप आहे, फॉयरमधला (प्रवेशाच्या दालनातला) घुमट मान वर करून बघाच, कवींना मानवंदना म्हणून आहे तो, आणि तिथली झुंबरं ससून घराण्याने दिलेली.

जुना_होळकरी
आजोबांचं खरं असणार. बालगंधर्व तिथे गायलेत, दीनानाथ मंगेशकरही गायलेत, पुढे पृथ्वीराज कपूर यांच्या पृथ्वी थिएटरचे प्रयोगही तिथे व्हायचे. आणि दीनानाथ म्हटलं की आपली कॉलर ताठ, कारण लताबाई १९२९ साली जन्मल्या त्या आपल्या इंदुरात, शीख मोहल्ल्यात!

त्या काळी माईक कुठे होता, पद म्हणायचं ते गळ्याच्या जोरावर आणि ते वरच्या गॅलरीतल्या चार आण्यावाल्यापर्यंत पोचलं पाहिजे, तर तिथलं छतच असं बांधलंय की आवाज वरपर्यंत जावा. मावशींना हे आधी सांगून ठेवा, मग त्या छताकडे बघतील तेव्हा वडिलांची आठवण वेगळीच येईल.

इतिहास थोडक्यात: बँडमन नावाचा कलकत्त्याचा नाटकवाला आणि जहांगीर फ्रामजी कराका यांनी हे उभं केलं, १९११ साली पाचवा जॉर्ज आला तेव्हा त्याच्या हातून उद्घाटन उरकलं, काम अजून चालूच होतं (म्हणजे अर्धवट पुलाची फीत कापायची पद्धत तेव्हापासूनची). मग सिनेमाचे दिवस आले आणि ते टॉकीज झालं. १९५२ मध्ये गोंडलच्या महाराजांनी विकत घेतलं, १९९३ला बंद पडलं ते तब्बल २३ वर्षं, आभा नारायण लांबा यांनी दुरुस्तीचं काम केलं आणि २०१६ला पुन्हा पडदा वर गेला. मी स्वतः तिथे एक हिंदी पिक्चर बघितलाय कॉलेजात असताना, कुठला ते आठवत नाही, बाजूची बॉक्स मात्र आठवते, तिथे आपण का नाही बसलो असं वाटलेलं.

भिया_नाटकवाला
एक विचारू भिया, राग मानू नका. जे नाटक तिथे बघणार तेच सहा महिन्यांत इथे येईल, पासावर, घरापासून वीस मिनिटांवर. तिकडे रेल्वे, हॉटेल, टॅक्सी, तिकीट, सगळं धरा. आणि मराठी नाटकाचं घरच बघायचं असेल तर ते साहेबाचं ऑपेरा हाऊस नव्हे, तिथून जवळच केळेवाडीत साहित्य संघ मंदिर आहे, ती खरी आपली जागा, डॉ. भालेरावांनी जीव ओतलाय त्या संस्थेत. निदान बाहेरून तरी बघून या.

गिरगावची_सून
साहित्य संघाचं १००% पटलं, आमच्या घरून चालत आहे. पण भिया, नाटक इथे येईल हो, ते छत कसं येणार इंदुरात?

भिया_नाटकवाला
बरं, हरलो. नाटक सुटल्यावर खाणार काय पण? सराफा नाही तिथे.

गिरगावची_सून
चौपाटीसमोर न्यू कुल्फी सेंटर आहे, टॅक्सीने पाच मिनिटं. वजनावर कुल्फी देतात. सराफ्याशी तुलना करू नका, नाहीतर माहेर आणि सासर दोन्हीकडे माझं वाईट होईल.

पोहे_जलेबी_इंदूर
सगळ्यांचे आभार! स्टॉल्स बुक केलं, कडेच्या दोन, आणि सोमवारची रजा टाकली (बॉस हो म्हणाले, तेही नाटकवालेच निघाले, सानंदच्या राहुल बारपुते गटातले). आईला छताचं वाचून दाखवलं तर म्हणाली, मग बाबा वरच बसले असणार, त्यांच्याकडे कुठे पैसे होते. आता तिला मध्यंतरात बाल्कनीत जायचंय, गुडघा असो नसो. फोन करून पायऱ्या विचारतोच उद्या.