ट्रॅक डेसाठी ‘पुढचा एक दात कमी करा’ हा सल्ला सरसकट द्यावा का?

घोडबंदरकर, ठाणे
ट्रॅक डेला, म्हणजे शुल्क भरून आपली मोटरसायकल शर्यतीच्या ट्रॅकवर चालवायला, जायचे ठरले की ठाण्यातील आमच्या मंडळींचा पहिला सल्ला ठरलेला असतो: पुढील स्प्रॉकेटचा (चेन ज्यावर फिरते त्या दातेरी चक्राचा) एक दात कमी करा, म्हणजे त्याच वेगाला इंजिन अधिक फिरते. कोइमतूरजवळील करी मोटर स्पीडवेवर दोनदा जाऊन आल्यानंतर माझे मत असे झाले आहे की हा सल्ला सरसकट देणे चूक आहे आणि गिअरिंग (मागील व पुढील दातांचे गुणोत्तर) बदलायचेच असेल, तर ते मागील स्प्रॉकेटवर बदलावे.

माझ्या केटीएम आरसी ३९० वर कंपनीने दिलेले १५/४५ (पुढे १५, मागे ४५) दात आहेत, म्हणजे गुणोत्तर नेमके ३. करीचा ट्रॅक जेमतेम २.१ किलोमीटरचा आहे आणि तेथील एका वळणात माझा किमान वेग ताशी ६३ किलोमीटरच्या आसपास असतो. ते वळण दुसऱ्या गिअरमध्ये घेतले, तर ७८ च्या सुमारास लिमिटर (इंजिनला ठरावीक मर्यादेपुढे फिरू न देणारी यंत्रणा) लागतो आणि त्या क्षणी गाडी अजून कललेलीच असते. तिसऱ्यात घेतले, तर इंजिन ६,२०० आरपीएमवर (मिनिटाला फेऱ्यांवर) रेंगाळते. गेल्या खेपेस पुढे १४ दात लावून गेलो, तर दुसरा गिअर ७२ लाच संपू लागला आणि कललेल्या गाडीवर गिअर बदलण्याची वेळ आणखी आधी आली. मागे ४७ दात असते, तर तिसऱ्यातच सुमारे ६,५०० आरपीएम मिळाले असते. शिवाय पुढील एका दाताने गुणोत्तर एकदम ७ टक्के बदलते, मागील एका दाताने सव्वादोन टक्के. बारीक जुळवणी मागेच शक्य आहे.

तुर्भे गॅरेज
आपले गणित बरोबर आहे, परंतु निष्कर्ष त्याच्या विरुद्ध जातो. पुढे १४ दात असताना त्याच ६३ च्या वेगाला तिसऱ्या गिअरमध्ये सुमारे ६,६५० आरपीएम मिळतात, म्हणजे ४७ दातांपेक्षाही अधिक. आपण १४ लावले आणि वळण मात्र जुन्या सवयीने दुसऱ्यातच घेत राहिलात. यात स्प्रॉकेटचा काय दोष?

खर्चाचाही विचार करावा. पुढील स्प्रॉकेट मागीलपेक्षा बरेच स्वस्त असते. एक दात कमी झाला की चेनची लांबी तीच ठेवून मागील चाकाचा ॲक्सल (आस) साधारण ४ मिलिमीटर मागे घ्यावा लागतो, आणि घरी परतल्यावर १५ पुन्हा बसवता येतात. मागे दोन दात वाढवले, तर ॲक्सल सुमारे ८ मिलिमीटर पुढे येतो. चेनचा ताण जुळवणाऱ्या ॲडजस्टरमध्ये तेवढी जागा उरली नसेल, तर लांब चेन घ्यावी लागते. टेम्पोचे भाडे, टायर आणि प्रवेशशुल्क भरून झालेल्या माणसाला हा खर्च कशाला सांगायचा?

घोडबंदरकर, ठाणे
सवयीचा मुद्दा मान्य, थोडा झोंबला तरी. पण १४ दातांवर चेन अधिक तीव्र कोनात वळते आणि लवकर झिजते. स्विंगआर्मवरील (मागील चाक धरणाऱ्या दांड्यावरील) रबरालाही ती अधिक घासते. आणि हाच १४ दातांचा संच ग्रेटर नोएडातील बुद्ध इंटरनॅशनल सर्किटवर नेला, तर काय होईल? तेथे मागील सरळ पट्टा एक किलोमीटरहून मोठा आहे. सहावा गिअर पट्टा संपण्याच्या बराच आधी संपेल आणि उरलेले अंतर इंजिन नुसते ओरडत राहील. म्हणून ‘ट्रॅकसाठी १४’ असे म्हणण्याला अर्थ नाही. कोणत्या ट्रॅकसाठी, एवढे तरी विचारावे.

पामबीच, नवी मुंबई
दोघांनाही एक प्रश्न. मागील टायर कोणता आहे? आपल्याकडे अनेक जण कंपनीच्या १५०/६० (रुंदी मिलिमीटरमध्ये, उंची रुंदीच्या टक्क्यांत) ऐवजी १६०/६० चा टायर हौसेने बसवतात. त्याने चाकाचा व्यास सुमारे १२ मिलिमीटरने, म्हणजे २ टक्क्यांनी वाढतो आणि मागील स्प्रॉकेटच्या जवळजवळ एका दाताचा परिणाम गिळला जातो. म्हणजे आधी टायरने गिअरिंग लांब करायचे (त्याच वेगाला इंजिन कमी फिरते) आणि मग स्प्रॉकेटने ते आखूड करायचे.

माझे मत या वादात तिसरेच आहे. पहिल्या चार-पाच ट्रॅक डेपर्यंत १५/४५ ला हात लावू नये. नवख्याचा किमान वेग दर सत्रात बदलत असतो. आज ६३ असलेला वेग सरावाने ६८ झाला, की कंपनीच्याच गिअरिंगवर तिसऱ्यात ६,७०० आरपीएम मिळतात आणि आपला प्रश्न परस्पर सुटतो.

तुर्भे गॅरेज
हे पटले, पण अर्धेच. ६३ चे ६८ व्हायला काहींना दोन वर्षे लागतात, आणि तोवर रेंगाळणाऱ्या गाडीवर पैसे भरून फिरायचे का?

घोडबंदरकर, ठाणे
टायर १६० चाच आहे. म्हणजे वरचे माझे सगळे आरपीएम प्रत्यक्षात त्याच टायरवरचे आहेत आणि ४७ चा आग्रह धरताना मी हे लक्षातच घेतले नव्हते. पुढील खेपेस १५० चा टायर, १५/४५ आणि ते वळण तिसऱ्या गिअरमध्ये, एवढेच करून पाहतो. ४६ दातांचे स्प्रॉकेट मात्र टेम्पोत सोबत ठेवीन, तुर्भेकरांनी हसावे.